नव्या सिस्टरला पहिल्याच महिन्यात एकटीने रात्रपाळी देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे रोजी आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन होतो आणि त्या निमित्ताने परिचारिकांच्या सेवाभावाबद्दल वृत्तपत्रांत भरभरून लिहून येते. ते वाचून आम्हाला बरे वाटते. पण नुकतीच शिकून वॉर्डात रुजू झालेली मुलगी (आणि आता मुलगेही) पहिल्या काही महिन्यांत नेमकी कशात अडते, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही वॉर्ड इन्चार्ज आणि परिचर्या शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या काही जणी हे पत्र लिहीत आहोत.

जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेची) तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली, की कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण परिचारिका असते. अनेक लहान-मध्यम खासगी रुग्णालयांत तिला पहिल्या पंधरवड्यातच रात्रपाळीला एकटी ठेवतात. मग काही चुकले की 'मुलगी घाबरट आहे', 'कॉलेजात काही शिकवत नाहीत' असे बोलले जाते. आमचे म्हणणे सरळ आहे. पहिले तीन महिने शिकण्याचे मानावेत, त्यांची आखणी लेखी असावी आणि पहिले सहा ते आठ आठवडे ड्यूटीच्या तक्त्यात तिची गणती होऊ नये.

कॉलेजात असताना विद्यार्थिनीकडे एक-दोन पेशंट असतात. त्यांची काळजी-योजना ती वहीत सविस्तर लिहिते, इंजेक्शन देताना बाजूला शिक्षिका असते आणि अंतिम जबाबदारी वॉर्डातल्या सिस्टरची असते. नोकरीत आल्यावर तिच्याकडे आठ-दहा पेशंट येतात. शिवाय फोन, नातेवाईक, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा इंडेंट (फार्मसीकडे मागणी), एक डिस्चार्ज आणि दोन ॲडमिशन. इंट्राकॅथ (शिरेत बसवायची नळी) लावणे, लघवीसाठी कॅथेटर घालणे, नाकातून पोटात राईल्स ट्यूब टाकणे तिला येत असते. कुठले काम आधी आणि कुठले थांबू शकते, हे मात्र तिला कोणी शिकवलेले नसते.

सकाळी आठची वेळ घ्या. एका पेशंटची साखर ५४पर्यंत घसरली आहे, दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणे आले आहे, तिसऱ्याची सलाईन संपली आहे, चौथ्याच्या अँटिबायोटिकची वेळ झाली आहे आणि डॉक्टरांचा राउंड दारात आहे. नवी मुलगी बहुधा राउंडमागे धावते, कारण ओरडा तिथून बसणार असतो. योग्य क्रम वेगळा आहे. साखरवाला पेशंट सर्वांत आधी. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही न देता शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे द्रावण), आणि त्यासाठी डॉक्टरांना तिथल्या तिथे हाक. तिकडे जाता जाता संपलेल्या सलाईनचा क्लॅम्प बंद करायचा, दहा सेकंदांचे काम. नाही तर इंट्राकॅथमध्ये रक्त गोठते आणि नवी शीर शोधण्यात पुढची वीस मिनिटे जातात. मग थिएटरचा पेशंट: संमतीपत्र, उपाशी असल्याची खात्री, कवळी, बांगड्या, नेलपॉलिश, हातातला ओळखपट्टा. अँटिबायोटिक थोडे मागे पडले तर बहुतेक वेळा चालते, पण शस्त्रक्रियेआधीचा डोस असेल तर नाही. तो छेद घेण्याआधीच्या तासाभरातच जावा लागतो. हा क्रम पुस्तकातून येत नाही. बाजूला उभी असलेली अनुभवी सिस्टर 'आधी हे, मग ते' असे सांगत राहते, तेव्हा तो महिन्याभरात अंगवळणी पडतो.

त्यासाठी एक साधे साधन फार उपयोगी पडते. ए-फोर कागदाला घड्या घालून आठ चौकोन पाडावेत, एका चौकोनात एक पेशंट. बेड नंबर, नाव, वय, निदान, कोणाच्या देखरेखीखाली, इंट्राकॅथ कधी लावले, ड्रेन-कॅथेटर काय आहे, कोणते रिपोर्ट यायचे आहेत आणि डाव्या कडेला तासवार कामे. काम झाले की रेघ मारायची. हा कागद घरी न्यायचा नाही. त्यावर पेशंटची माहिती असते, पाळी संपताच तो फाडून टाकायचा.

ओव्हर देणे-घेणे, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणे, हा दुसरा नाजूक भाग. 'सगळं ठीक आहे, विशेष काही नाही' असे नर्सिंग स्टेशनवर उभ्याने ऐकून घेतलेले ओव्हर पुढच्या पाळीत हमखास त्रास देते. ओव्हर बेडपाशीच व्हायला हवे. इंट्राकॅथची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, काय चालू आहे आणि बाटलीत किती उरले, पंपावरचा आकडा ऑर्डरशी जुळतो का, युरोबॅगेत किती लघवी आहे, ड्रेसिंग भिजलेले आहे का, कंबरेवर आणि टाचांवर लाली आहे का, हे दोघींनी मिळून डोळ्यांनी पाहायचे. नव्या मुलीने पाळीच्या पंधरा मिनिटे आधी येऊन फाइल वाचलेली असली तर ती योग्य प्रश्न विचारू शकते. आणि ही पंधरा मिनिटे ड्यूटीच्या वेळेत धरली जावीत.

आता औषधांकडे येतो, कारण जिवावर बेतणाऱ्या चुका इथे होतात आणि त्या निष्काळजीपणापेक्षा अर्धवट माहितीतून जास्त होतात.

इन्सुलिन आपल्याकडे दोन तीव्रतांत मिळते. साध्या व्हायलमध्ये बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही व्हायलमध्ये एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही वेगळ्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. रात्री पेनची सुई सापडत नाही आणि नवी मुलगी कार्ट्रिजमध्ये लाल टोपणाची सिरिंज खुपसून २०च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढते. तिच्या हिशेबाने २० युनिट झाले. प्रत्यक्षात अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट गेले, अडीचपट. पहाटे तीनला पेशंट साखर उतरून घामाने थबथबलेला सापडतो. उलट बाजूने ४०च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत घेतले तर फक्त ८ युनिट जातात आणि सकाळी साखर तीनशेच्या वर का, हे कोणालाच कळत नाही. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचायचा. कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीही ओढायचे नाही. वॉर्डात दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवणे ही इन्चार्जची चूक आहे, नव्या मुलीची नाही.

पोटॅशियम क्लोराइडचेही तसेच. १० मिलीची १५ टक्क्यांची ॲम्पूल म्हणजे २० एमईक्यू (क्षार मोजण्याचे एकक). ती थेट शिरेतून दिली तर हृदय थांबते, आणि तिचे प्लॅस्टिकचे रूप डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्पूलसारखे दिसते. म्हणून ती वेगळ्या, कुलूप असलेल्या कप्प्यात, ठळक लेबलखाली हवी. ५०० मिली सलाईनमध्ये एक ॲम्पूल घातली तर साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून, ती दोन तासांपेक्षा लवकर जाता कामा नये. म्हणजे तासाला १० एमईक्यू. यात आणखी एक गोष्ट क्वचितच शिकवली जाते. बाटली टांगलेली असतानाच खालून पोटॅशियम घातले तर ते जड असल्याने तळाशी साचते आणि सुरुवातीलाच दाट स्वरूपात शिरेत जाते. बाटली खाली काढायची, औषध घालायचे, पाच-सहा वेळा उलटीसुलटी करायची, लेबल लावायचे आणि मगच टांगायची.

थेंबांचा हिशेब परीक्षेत सगळ्यांना येतो, वॉर्डात चुकतो, कारण सेट बदलतो. ५०० मिली आठ तासांत द्यायचे तर एका मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला २१ थेंब, १५ थेंबांच्या सेटने १६, आणि मायक्रो सेटने (मिलीला ६० थेंब) ६२-६३. मागच्या पाळीने लिहिलेला '२१ थेंब' हा आकडा मायक्रो सेटला लावला तर आठ तासांची बाटली चोवीस तास चालते. सेटच्या वेष्टनावर एका मिलीला किती थेंब ते छापलेले असते. वेष्टन फेकण्याआधी ते वाचावे.

अतिदक्षता विभागात सिरिंज पंप (सिरिंजमधले औषध ठरलेल्या वेगाने देणारे यंत्र) येतो. घसरलेले बीपी वर आणणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन ५० मिलीत ४ मिलिग्रॅम बनवले असेल तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम होतात. ६० किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम हवे असेल तर तासाला ३६०, म्हणजे ४.५ मिली. ४.५ऐवजी ४५ दाबले गेले तर काय होईल ते सांगायला नको. पण याहून जास्त वेळा घडणारी चूक अशी: आधीच्या पाळीने दुप्पट तीव्रतेची सिरिंज भरलेली असते, लेबलवर ते लिहिलेले नसते, नवी मुलगी नेहमीच्या तीव्रतेची भरते, तोच वेग ठेवते आणि दहा मिनिटांत बीपी कोसळते. लेबलवर औषध, मिलिग्रॅम, एकूण मिली, तारीख, वेळ आणि भरणारीचे नाव हवे. जुन्या सिरिंजमध्ये पाच मिली उरले असतानाच नवी भरून तयार ठेवायची.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचे व्हायलही असेच फसवतात: दोन्ही ५ मिलीचे, पण एकात मिलीला १,००० युनिट तर दुसऱ्यात ५,०००. अशा प्रत्येक औषधासाठी दोघींनी तपासण्याची पद्धत असते, पण ती खरी हवी. 'साडेचार ना गं?' असे विचारून 'हो' म्हणवून घेणे म्हणजे तपासणी नव्हे. दुसरीने उत्तर न ऐकता स्वतः कागदावर हिशेब करायचा आणि मग आकडे जुळवायचे. रात्री वॉर्डात नोंदणीकृत परिचारिका एकच असेल तर ही तपासणी होणार कशी, हा प्रश्न रुग्णालय चालवणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

पेशंट बिघडतो आहे हे सर्वांत आधी श्वास सांगतो, आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सर्वांत खोटा आकडाही श्वासाचाच असतो. सगळ्या पेशंटपुढे '२०' लिहिलेले चार्ट कितीतरी वॉर्डांत दिसतात. नव्या मुलीने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त, किंवा ८ किंवा त्याहून कमी श्वास असतील तर बाकी सारे ठीक दिसले तरी वरिष्ठांना कळवायचे. लघवीही तशीच बोलकी: तासाला किलोमागे निदान अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली तरी हवी. आणि आपल्याकडचे पेशंट छातीत दुखतेय असे क्वचितच म्हणतात. 'जळजळतंय', 'भरून आल्यासारखं होतंय', 'हात गळून गेलाय' असे म्हणतात. पन्नाशीच्या मधुमेही माणसाने दरदरून घाम आलेला असताना असे म्हटले तर ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन पुढे जाऊ नये. दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे.

डॉक्टरांना फोन करणे हे नव्या मुलीला सर्वांत अवघड जाते. रात्री दोनला उठवले म्हणून बोलणी बसतील या धास्तीने ती थांबते, किंवा फोन करून 'सर, पेशंट बरा वाटत नाहीये' एवढेच म्हणते आणि समोरून 'बरं, बघा' असे उत्तर मिळते. फोन करण्याआधी फाइल उघडी, चार आकडे समोर आणि मागणी ठरलेली हवी. उदाहरणार्थ: 'सर, महिला सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. बेड बारा, वय ५८, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. नाडी १२४, बीपी ९०/६०, श्वास २८, दोन तासांत लघवी फक्त ३० मिली. संध्याकाळी नाडी ८८ होती. तुम्ही आत्ता येऊन पाहायला हवं. येईपर्यंत सलाईन किती वेगाने चालवू?' एवढे ऐकल्यावर कोणताही डॉक्टर कूस बदलून झोपत नाही. तोंडी ऑर्डर मिळाली तर ती लिहून घ्यायची, मोठ्याने वाचून दाखवायची आणि आकडे सुटे म्हणायचे: 'फिफ्टीन, वन-फाइव्ह.' फोन उचलला नाही तर दहा मिनिटांत त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. आणि प्रत्येक फोनची वेळ नोंदवायची.

रक्त देताना दोघींनी पिशवी, गट आणि पेशंटचा पट्टा जुळवायचा. पहिली पंधरा मिनिटे हळू वेग आणि तेवढा वेळ तिथेच उभे राहायचे, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच दिसते. थंडी, ताप, कंबरदुखी, पुरळ यांपैकी काही दिसले की रक्त बंद, नवा सेट लावून सलाईन चालू, डॉक्टरांना हाक, आणि पिशवी फेकायची नाही, रक्तपेढीत परत पाठवायची. पिशवी चार तासांत संपली पाहिजे. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज कधीही नाही.

आता आखणीविषयी. पहिल्या आठवड्यात एकही पेशंट देऊ नये. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची ट्रॉली) कुठे आहे आणि त्यात काय कुठल्या कप्प्यात आहे, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) कसा चालू होतो, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, रात्री रक्तपेढी आणि फार्मसीला काय कळवायचे, कोणता कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत, हे सारे तिने हात लावून पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन पेशंट, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत निम्मा भार, आणि त्यानंतर दोन आठवडे पूर्ण भार, पण मार्गदर्शक सिस्टर त्याच वॉर्डात. पहिल्या रात्रपाळ्याही जोडीनेच. मार्गदर्शक दोन वर्षे तरी अनुभवी असावी, एकच असावी आणि दोघींच्या पाळ्या जुळवलेल्या असाव्यात.

ही योजना फसते ती ठरावीक जागी. मार्गदर्शक रोज बदलते, त्यामुळे कोणालाच मुलीला काय येते ते माहीत नसते. किंवा मार्गदर्शकाला तिचा पूर्ण भार ठेवून वर ही मुलगी दिली जाते. तिचे पेशंट एक तृतीयांशाने कमी केल्याशिवाय शिकवणे होत नाही. किंवा तिसऱ्याच आठवड्यात कोणी रजेवर गेले म्हणून मुलीला दुसऱ्या वॉर्डात ओढले जाते. प्रत्येक कौशल्यापुढे 'पाहिले', 'सोबत केले', 'स्वतः केले' असे तीन रकाने असलेला कागद ठेवावा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून दोघींनी त्यावर सह्या कराव्यात. नातेवाइकांसमोर ओरडण्याने मुलगी शिकत नाही, ती चूक लपवायला शिकते. चूक झाली की आधी पेशंट पाहायचा, मग डॉक्टरांना सांगायचे आणि त्याच पाळीत नोंद करायची; त्या नोंदीवरून पगार कापणाऱ्या रुग्णालयात पुढची चूक कोणी सांगणार नाही.

कॉलेजांनाही एक सांगणे आहे. जीएनएमचे शेवटचे सहा महिने आणि बी.एस्सी.चे शेवटचे सत्र इंटर्नशिपचे असते. ते बऱ्याच ठिकाणी वॉर्डातली कमतरता भरण्यात जाते. त्याच काळात एका विद्यार्थिनीला चार पेशंट सोपवून, मागे सिस्टर उभी करून, पूर्ण पाळी चालवू दिली तर निम्मे अंतर तिथेच कापले जाईल. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (०, १, ६ महिने) आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी, हेही नोकरीआधीच व्हायला हवे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचे, पिळायचे नाही, लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ साली केंद्राच्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती आजही अनेक ठिकाणी कागदावरच आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणेही थांबले पाहिजे.

वाचकांनाही विनंती आहे. प्रत्येक औषधाआधी सिस्टर पेशंटचे पूर्ण नाव पुन्हा विचारते, तेव्हा तिला आठवत नाही असे समजू नका. ती खात्री करत असते. ती ट्रेमध्ये औषध भरत असताना बिलाची चौकशी करू नका, दोन मिनिटे थांबा.

आणि शेवटची मागणी प्रशासनाकडे. शुश्रूषागृहांची नोंदणी आणि नूतनीकरण १९४९च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली स्थानिक आरोग्य अधिकारी करतात. तपासणीच्या वेळी त्यांनी दोनच कागद मागावेत: गेल्या तीन महिन्यांचा रात्रपाळीचा तक्ता आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांच्या रुजू होण्याच्या तारखा. दोन्ही शेजारी ठेवून, रुजू झाल्यापासून आठ आठवड्यांच्या आत जिचे नाव रात्रपाळीत एकटे दिसेल, तिच्याविषयी रुग्णालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.

आपल्या,
काही परिसेविका व परिचर्या शिक्षिका,
पुणे